मंतरलेला कोट : लुसिया बेनेदेत्ती

(दृश्य : सांबाद्रोम, म्हणजे रिओतला कार्निव्हलच्या मिरवणुकांचा खास मार्ग, रात्र. चित्ररथ कॅमेऱ्यासमोरून सरकतात.)

रिओचा कार्निव्हल. पिसांचे हे डोलारे, जरीकाम, दोन मजली उंचीचे पुतळे... अशा मिरवणुका रचण्यात रोझा मागल्याइस यांचा हात धरणारं फारसं कुणी नव्हतं. कार्निव्हलच्या मिरवणुकांच्या स्पर्धेत सात वेळा पहिला क्रमांक, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा समारोपही त्यांच्याच कल्पनेतला. २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा अख्खं रिओ हळहळलं.

आता त्यांच्या आईविषयी.

(दृश्य : ग्वानाबारा खाडी, फेरीबोट, पलीकडे नितेरॉय.)

लुसिया बेनेदेत्ती. जन्म १९१४, साओ पावलो राज्यातल्या मोकोका गावी, कॉफीच्या मुलखात. पुढं कुटुंब या खाडीकाठच्या नितेरॉयला आलं. लुसिया वर्तमानपत्रांत लिहू लागल्या. पती रायमुंदो मागल्याइस ज्युनियर हे पत्रकार, नाटककार, चरित्रकार. नवराबायको दोघंही लिहिणारी.

(दृश्य : जुनी इमारत. पुढचं संगमरवरी दार, मग बाजूचा अरुंद जिना.)

रिओच्या जुन्या इमारतींना दोन वाटा असतात. ही मालकांची. आणि ही, कचऱ्याच्या डब्यांशेजारची, मोलकरणींची. १९४२ साली लुसियांची ‘एंत्रादा जी सेर्व्हिसो’ ही कादंबरी आली, तिचं नावच या दुसऱ्या वाटेवरून घेतलेलं. समोरच्या दाराबद्दल लिहिणारे तेव्हाही पुष्कळ होते.

(दृश्य : शाळेच्या स्नेहसंमेलनाची जुनी छायाचित्रं.)

ब्राझीलमधलं मुलांचं नाटक तोवर बहुतेक असं होतं. शाळेचं सभागृह, पाठ केलेल्या ओळी, शेवटी बोध. काम करणारी मुलं, बघणारे त्यांचे आईवडील. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती प्रेक्षक-मुलं कुठेच नाहीत! तिकीट काढून, खुर्चीत बसून, कसलेल्या नटांचं नाटक बघायचा मान फक्त मोठ्यांचा.

(दृश्य : शिवणविभाग. कात्री, खडू, मखमलीचं ठाण. कोट आकार घेतो.)

१९४८ साली लुसियांनी ‘ओ काझाको एंकांतादो’ लिहिलं. मंतरलेल्या कोटाची गोष्ट. त्यात राजा आहे, शिंपी आहेत, चेटकीण आहे. इथं दिसतंय ते शिवणकाम आजचं आहे, पण कापड बेतण्याची रीत काही बदललेली नाही. आधी अंगाचं माप, मग कागदी नमुना, मग कच्चे टाके, आणि नट अंगात घालून हातवारे करून बघतो. रंगमंचावरचा कोट शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. राजाचा असेल तर राजाचा वाटला पाहिजे. लहान मुलाला चिंधी लगेच ओळखू येते.

(दृश्य : रिकामं नाट्यगृह, दिवे एकेक करून लागतात.)

नाटक कुणाच्या हाती गेलं ते महत्त्वाचं. फ्रान्सहून ब्राझीलला आलेल्या आंरिएत मोरिनो या बड्या अभिनेत्रीची ‘आर्तिस्तास उनिदोस’ ही व्यावसायिक कंपनी. एरवी मोठ्यांची नाटकं करणारी. दिग्दर्शन ग्रासा मेलो यांचं. रिओच्या तेआत्रो जिनास्तिकोत पडदा उघडला आणि समोर बसली होती मुलं. वर रंगमंचावर पोटापाण्यासाठी नट झालेली मोठी माणसं. हौस नाही, शाळेचा कार्यक्रम नाही. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, तालमी, सगळं मोठ्यांच्या नाटकाला करतात तसं. आमच्या मते ब्राझीलची आधुनिक बालरंगभूमी मोजायची तर या प्रयोगापासून मोजावी.

नाट्यसमीक्षकांनीही त्याची दखल घेतली, लुसियांना पुरस्कार मिळाला.

(दृश्य : तेआत्रो म्युनिसिपाल, घुमट, सोनेरी गरुड, आतला जिना.)

हे रिओचं तेआत्रो म्युनिसिपाल. लुसियांच्या ‘आ मेनीना दास नुव्हेन्स’, म्हणजे ढगांतल्या मुलीच्या, नाटकावर एतोर व्हिला-लोबोस यांनी ऑपेरा रचला. हो, तेच व्हिला-लोबोस, ब्राझीलचे सर्वांत मोठे संगीतकार. १९५९ मध्ये ते वारले. १९६० मध्ये ऑपेरा इथं रंगला. मुलांच्या नाटकाला हा जिना चढायला बारा वर्षं लागली.

(दृश्य : मुलांची रांग, तिकीटखिडकी.)

दरम्यान १९५१ साली मारिया क्लारा माशादो यांनी रिओतच ‘ओ ताब्लादो’ ही नाट्यसंस्था सुरू केली. त्यांचं भित्रं छोटं भूत प्लुफ्त तिथल्या घराघरांत पोचलं. बालनाट्याची चर्चा निघाली की पहिलं नाव मारिया क्लारांचंच घेतात. लुसिया १९९८ मध्ये गेल्या. कोटाचं नाटक ताब्लादोच्या तीन वर्षं आधीचं.