लेबल छापणारा कॉम्प्युटर

(अंधेरी पूर्वेला लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. दिवसभराचं डिस्पॅच उरकून, मरोळच्या ट्रॅफिकमधून आलात, तेव्हा प्रस्तावना न करता सुरुवात करतो.

रबाळ्याला एक प्रेस शॉप आहे, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा कारखाना. आठ प्रेस, पस्तीस माणसं. गाडीच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट तिथे बनतात. माल जातो चाकणला, सीट बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि तिथून सीट गाडीच्या लाईनवर. एका सोमवारी सकाळी सात वाजता मालकांचा फोन आला, "साहेब, लेबलं निघत नाहीयेत." मी पोचलो तेव्हा बिनं, म्हणजे माल पाठवायचे खोके, भरलेली, टेम्पो दाराशी लागलेला. अडलं होतं ते बिनवर चिकटवायच्या बारकोडच्या लेबलापाशी. ते छापणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पैशांची मागणी झळकत होती आणि प्रत्येक फाइलच्या नावाला तेच एक अनोळखी शेपूट लागलं होतं. हाताने चलन लिहून टेम्पो पाठवला. गेटवर लेबल नाही म्हणून माल उतरवूनच घेतला नाही.

टेबलावर बॅकअपची डिस्क होती. दसऱ्याला प्रेसवर झेंडूच्या माळा चढवल्या, तेव्हा हिच्यावरही कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. ते पुसट दिसत होतं. मन लावून जपलेली वस्तू ती. पण केबल कायम लावलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जोडलेलं दिसेल ते सगळं कुलूपबंद करत जातं, त्यात डिस्कही गेली. नऊ वर्षांची डायची, म्हणजे प्रेसच्या साच्यांची, ड्रॉइंग गेली.

आता जपान. 26 फेब्रुवारी 2022, शनिवारची रात्र. टोयोटाला प्लास्टिकचे सुटे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीज या कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड दिसला. हल्लेखोर शिरले होते कोजिमाच्या एका उपकंपनीतून; तिने बाहेरच्या एका कंपनीशी संपर्कासाठी ठेवलेल्या रिमोट जोडणीतून. 1 मार्चला टोयोटाने जपानमधले 14 कारखाने, 28 लाईन दिवसभर बंद ठेवल्या. सुमारे 13,000 गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत. टोयोटाच्या कारखान्यात कुणी शिरलं नव्हतं. पण लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हाच मागवायचा ही पद्धत त्यांनीच जगाला शिकवली. गोदामात साठा नसतो. पुरवठादाराला ऑर्डर दिसेना, की दुसऱ्या दिवशी लाईन उभी. आपल्याकडे चाकण, वाळूज, सातपूर याच पद्धतीवर चालतात.

उलट्या बाजूने, म्हणजे हल्ला माल घेणाऱ्यावर झाला तर काय होतं, ते 2025 मध्ये दिसलं. जग्वार लँड रोव्हर ही आपल्या टाटांची कंपनी, फोर्टातल्या बॉम्बे हाऊसशी नातं असलेली. ऑगस्टच्या अखेरीस तिच्यावर हल्ला झाला आणि 1 सप्टेंबरपासून ब्रिटनमधले कारखाने थांबले. तिकडे त्याच दिवशी नव्या नंबरप्लेटची मालिका सुरू होते, म्हणजे ऐन विक्रीचा दिवस. उत्पादन टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला 8 ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज काढला 1.9 अब्ज पौंडांचा, आणि झळ बसलेल्या संस्था 5,000 हून जास्त. त्यात तुमच्यासारखे किती असतील, बघा. त्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत होते, माल तयार होता. घेणारा बंद होता. ब्रिटिश सरकारने 1.5 अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. पुढे कंपनीने पुरवठादारांना ऑर्डरच्या वेळीच पैसे मिळावेत अशी सोय काढली. छोट्याच्या खिशात महिनाभराचे पगार नसतात, हे पाच आठवड्यांनी उमगलं.

इथे मला मनापासून बोलायचं आहे. मोठ्या कंपन्या तुम्हाला सुरक्षेची प्रश्नावली पाठवतात. शंभर-शंभर प्रश्न, सगळीकडे "होय" लिहून सही करून द्यायची. त्याच कंपन्यांचा पर्चेस विभाग दरवर्षी पीसमागे दर कमी करायला लावतो. मग प्रश्नावलीतली ती कामं करायची कशातून? गाडीच्या आतल्या सॉफ्टवेअरसाठी नियम आलेत: युनायटेड नेशन्सचा आर 155, जोडीला आयएसओ 21434. ते हवेतच. पण ब्रॅकेट बनवणाऱ्याच्या ऑफिसात जुन्या विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च दरात धरला गेला पाहिजे. डायचा खर्च जसा आपण कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो, तसा हा दाखवा. एकट्याने मागाल तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाईल, म्हणून असोसिएशनमधून मागा.

तोवर स्वतःच्या शॉपमध्ये बघायचं ते हे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची सर्व्हिस करणारा बाहेरून लॉगिन करतो. तो रस्ता काम संपल्यावर बंद करता का? रबाळ्याला सहा महिने उघडा होता आणि पासवर्ड होता कारखान्याचं नाव. हल्लेखोर तिथूनच आला. मशीनचा कंट्रोलर जुना असेल आणि बदलता येत नसेल, तर त्याला इंटरनेटच देऊ नका. ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडून ठेवा. ग्राहकाच्या पोर्टलचा पासवर्ड चौघांत फिरत असेल, तर तो थांबवा आणि मिळत असेल तिथे ओटीपी लावा. "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला, तर नेहमीच्या नंबरवर फोन करून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

आणि घडलंच, तर लपवू नका. 2022 च्या निर्देशानुसार सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, सहा तासांत कळवायचं असतं. नाव खराब होईल या भीतीने रबाळ्याच्या मालकांनी पहिले दोन दिवस ग्राहकाला "प्रिंटर बिघडलाय" सांगितलं. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तेव्हा तिकडच्या स्टोअरच्या माणसाने स्वतःच लेबलं छापून बिनवर लावायची तयारी दाखवली. सोमवारीच सांगितलं असतं, तर पहिला टेम्पो परत आला नसता.

त्या शॉपमध्ये आता हिशेब बघणाऱ्या वहिनींकडे दोन डिस्क आहेत. संध्याकाळी साडेसहाला कॉपी झाली, की त्या केबल काढतात आणि डिस्क लोखंडी कपाटात ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुसरी. दर महिन्याच्या एक तारखेला एक जुना लॅपटॉप काढून, कपाटातल्या डिस्कवरचं कुठलंही एक ड्रॉइंग त्यावर उघडून बघतात. पहिल्या महिन्यात ते उघडलं नाही, कॉपी अर्धवट होत होती. दुसऱ्या महिन्यात उघडलं. त्यांनी मला त्याचा फोटो पाठवला: पडद्यावर ब्रॅकेटचं ड्रॉइंग, आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा.