फसलेला फोटो आधी तपासा, कॅमेरा मग बदला

श्रोतेहो, नमस्कार.

फोटो फसला की पहिला आळ येतो तो कॅमेऱ्यावर, आणि लगेच नव्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. आज आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करू. आधी फसलेला फोटो नीट तपासू, तो कशामुळे फसला ते ठरवू आणि मगच पाकिटाला हात घालू. महाग सामान काही दोषांवर अगदी रामबाण असतं, पण काही दोषांवर त्याचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

तपासणी कशी करायची? फोटो संगणकावर उघडा आणि शंभर टक्के मोठा करा, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल. आता त्यातले बारीक चमकदार ठिपके शोधा. डोळ्यातली चमक, दूरचा दिवा, भांड्याच्या कडेवरचा उजेड, काहीही चालेल. या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील आणि सगळ्या फोटोभर त्या एकाच दिशेनं ओढलेल्या दिसत असतील, तर हात हलला. भिंत आणि खुर्ची स्पष्ट आहे, फक्त माणसाचा हात फरकटलाय, तर माणूस हलला. चेहरा मऊ आलाय, पण मागच्या पडद्याची वीण लख्ख दिसतेय, तर फोकस चुकला. आणि कुठंच काही लख्ख नाही, काळा भागही पांढुरका दिसतोय, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी लेन्स पुसा. फोनच्या बाबतीत तर पुष्कळ तक्रारी बोटाच्या ठशाच्याच असतात.

हे चार दोष वेगळे आहेत, म्हणून त्यांचे उपायही वेगळे. हात हलला असेल तर जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. लेन्स जितक्या मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं दृश्य जवळ येतं), सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाइतका शटरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेचा, वेग हवा. ५० मिलिमीटरला सेकंदाचा ५०वा भाग. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, लहान असेल (त्या आकाराला एपीएस-सी म्हणतात), तर मिलिमीटरच्या आकड्याला दीडनं गुणायचं आणि ८०वा भाग धरायचा. लेन्समध्ये किंवा बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, कंपन रोखणारी सोय असेल तर याहून बऱ्याच कमी वेगातही निभावतं. मात्र ती सोय तुमच्या हाताचं कंपन रोखते, समोरच्या माणसाला नाही. खोलीत चालणाऱ्या माणसाला १२५वा ते २५०वा भाग लागतो, पळणाऱ्या मुलाला ५००वा, उडत्या पक्ष्याला १०००वा किंवा त्याहूनही कमी वेळ. पुष्कळ जण कंपन रोखणारी महाग लेन्स घेतात आणि मुलांचे फोटो अजूनही फरकटलेलेच का येतात, म्हणून कोड्यात पडतात.

मग हा वेग आणायचा कुठून? त्यासाठी प्रकाश हवा, आणि इथं पैशाचा प्रश्न खरोखर सुरू होतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटर अशी मागेपुढे होणारी लेन्स ५५ मिलिमीटरवर फार तर एफ ५.६पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र मोठं. त्याऐवजी ५० मिलिमीटरची, एफ १.८पर्यंत उघडणारी लेन्स लावली तर जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, जिथं सेकंदाचा १५वा भाग मिळत होता तिथं जवळपास १५०वा मिळतो. हलणारा हात थिजवायला एवढं पुरतं. आणि गंमत अशी, की ही ५० मिलिमीटरची साधी लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते. तिची थोरली भावंडं मात्र महाग. एफ १.८वरून १.४वर गेलं तर प्रकाश वाढतो साधारण दीड पटीपेक्षा थोडा जास्त, १.२वर गेलं तर सव्वादोन पट. किंमत मात्र कित्येक पटींनी वाढते. एवढं मोठं छिद्र ज्याला रोज वापरावं लागतं, त्यानं ते जरूर घ्यावं. बाकीच्यांनी हिशेब करावा.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते, आणि ती पैशात नसते. एपीएस-सी कॅमेरा, ५० मिलिमीटर, एफ १.८ आणि समोर दीड मीटरवर माणूस, अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. डोळा लख्ख, कान मऊ. एका माणसाच्या फोटोत ते छान दिसतं. दोन रांगांच्या गटाचा फोटो असा काढला तर मागची रांग धूसर होणारच, आणि लोक म्हणणार लेन्स खराब आहे. तिथं एफ ५.६ किंवा ८वर यावं लागतं. फार पुढंही जाऊ नये. एफ १६, २२वर प्रकाश छिद्राच्या कडेशी पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

आता बॉडी बदलून काय मिळतं ते पाहू. महाग बॉडीतला मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६चा. क्षेत्रफळ दुपटीपेक्षा थोडं जास्त, त्यामुळे अंधारातला फायदाही ढोबळमानानं एका स्टॉपचा, म्हणजे प्रकाश दुप्पट मिळाल्यासारखा. लेन्स बदलून तीन स्टॉपपेक्षा जास्त मिळाले होते, हे इथं आठवावं. मेगापिक्सेलचं तेच. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचाचा छाप सहज निघतो, आणि ४के पडद्यावर तर यातले सव्वाआठ मेगापिक्सेलच दिसतात. मेगापिक्सेल दुप्पट केले तरी फोटोची बाजू वाढते १.४ पट. ज्यांना फोटोचा कोपरा कापून वापरायचाय किंवा भिंतभर छाप जवळून दाखवायचाय, त्यांच्यासाठीच हा खर्च. शिवाय इतक्या बारीक पिक्सेलांत हाताची सूक्ष्म थरथरही उमटते, त्यामुळे मघाचा शटरचा हिशेब दुप्पट कडक करावा लागतो.

मग महाग सामान घेणारे व्यावसायिक लोक वेडे आहेत का? मुळीच नाही. मैदानाच्या कडेला बसलेला फोटोग्राफर ४०० मिलिमीटरची, एफ २.८ची अवजड लेन्स बाळगतो, कारण त्याला दिव्याखाली, लांबून आणि सेकंदाच्या १०००व्या भागात खेळाडू पकडायचा असतो. या तिन्ही अटी एकदम पाळणारं स्वस्त सामान नाही. पक्ष्याच्या डोळ्यामागे धावणारा ऑटोफोकस, सेकंदाला वीस फोटो, पावसाला न घाबरणारी बॉडी, लग्नाचे विधी पुन्हा होणार नाहीत म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर होणारी नोंद, या सगळ्याला खरी किंमत आहे. त्यातून मिळतो तो भरवसा. शंभरातले दहा फोटो हाती लागण्याऐवजी साठ लागतात. त्या साठांतला एखादा सुंदर असेलच, असं मात्र यंत्र सांगत नाही.

काही फोटो तर यंत्राशिवाय जन्मालाच आले नसते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत हॅरोल्ड एजर्टन या अभियंत्यांनी १९५७मध्ये दुधाचा थेंब पडल्यावर उठणारा मुकुट टिपला, आणि १९६४मध्ये सफरचंद भेदून जाणारी गोळी. सेकंदाच्या अगदी नगण्य भागापुरता चमकणारा फ्लॅश नसता तर नुसत्या नजरेनं ते साधलं नसतं. दुसऱ्या टोकाला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ. छोटा लायका कॅमेरा आणि बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची एकच लेन्स. ‘साध्या कॅमेऱ्यानं काम केलं’ म्हणून त्यांचा दाखला फार दिला जातो, पण लायका त्या काळीही स्वस्त नव्हता. त्यांना त्यातून मिळालं ते आकारानं लहान, आवाजानं हळू आणि हातात चटकन येणारं यंत्र. म्हणजे सामान तिथंही मोलाचं होतंच, फक्त ते कामाला बेतलेलं होतं.

आता ज्या दोषाला पैसा लागतच नाही, त्याकडे वळू. चेहऱ्याचा रंग विचित्र येतो, अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळसर, ही नेहमीची तक्रार. कारण खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि पिवळा बल्ब सुमारे २७०० ते ३०००चा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरणारी सोय, एका वेळी एकच सांभाळू शकतो, कॅमेरा कितीही महाग असो. म्हणून दिवा बंद करा. माणसाला खिडकीपासून मीटरभर अंतरावर बसवा, चेहरा खिडकीकडे अर्धा वळवा. सावलीच्या बाजूला हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा आणि पुढेमागे करून बघा. पुठ्ठा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. डोळ्याखालची सावली मनासारखी झाली की थांबा. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा.

रात्री फ्लॅश वापरायचा असेल तर मान वळणारा फ्लॅश घ्या आणि तो पांढऱ्या छताकडे रोखा. समोरून मारलेल्या फ्लॅशनं कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते. छतावरून आलेला प्रकाश पसरट असतो, पण वाटेत बराच वाया जातो, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता ठरवणारा आकडा, ४०० ते ८०० ठेवा. छत रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येईल, आणि फार उंच असेल तर हा उपाय सोडून द्या.

ट्रायपॉड स्वस्त असला तरी त्याच्याकडून चांगलं काम करून घेता येतं. आधी जाड पाय बाहेर काढा, मधला दांडा वर उचलू नका, कंपन रोखणारी सोय बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. उलट, महाग लेन्सच्या तोंडावर हलक्या प्रतीचा फिल्टर, म्हणजे जादा काच, बसवून लोक तिचं मातेरं करतात. रात्रीच्या फोटोत दिव्याच्या समोर, फ्रेमच्या पलीकडच्या बाजूला हिरवट भुतासारखा ठिपका दिसला, तर फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा काढा. दोष कशाचा ते तिथल्या तिथे कळेल. आणि लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडून ठेवू नका. दमट हवेत तिच्या काचेवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

आता खरेदीचं. तुमच्याकडचे गेल्या वर्षातले फोटो उघडा आणि फसलेले वेगळे काढा. हात हलला, माणूस हलला, फोकस चुकला, उजेड वाईट, असे चार गठ्ठे करा. ‘माणूस हलला’चा गठ्ठा मोठा असेल तर जास्त उघडणारी लेन्स घ्या. फोकसचा मोठा असेल तर आधी कॅमेऱ्याची सेटिंग बघा. फोकसची जागा कॅमेऱ्यावर सोपवलेली असते, आणि तो अनेकदा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. तिथं एकच बिंदू किंवा डोळे ओळखणारी सोय चालू करा. मग चांगल्या फोटोंच्या फाइलमध्ये नोंदलेल्या माहितीत कोणत्या मिलिमीटरचा आकडा वारंवार येतो ते पाहा. १८-५५च्या लेन्सवर बहुतेक फोटो १८लाच काढलेले दिसले, तर तुमची पुढची लेन्स रुंद दृश्य टिपणारी हवी, लांबचं जवळ आणणारी नव्हे. ती विकत घेण्यापूर्वी दोन दिवस भाड्यानं आणा आणि ज्या खोलीत, ज्या उजेडात तुमचे फोटो फसतात, तिथंच वापरून पाहा.

नमस्कार.