लेप्टिन म्हणजे 'पोट भरलं' नव्हे!

नमस्कार मंडळी! 2025 मध्ये मौंजारो, वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं भारतात आल्यापासून कमेंट्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "ताई, इंजेक्शन परवडत नाही, लेप्टिनची गोळी चालेल का?" एकीने तर डबीचा फोटोच पाठवलाय. मग आज लेप्टिनच घेऊ.

लेप्टिन हे एक हॉर्मोन. हॉर्मोन म्हणजे रक्तातून जाणारा निरोप, एवढं शाळेत झालंय. पुढे जाऊ.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत 1949 मध्ये एक उंदीर सापडला. इतरांच्या तिप्पट लठ्ठ, आणि सतत भुकेला. पुढे तिथेच आणखी एक जात मिळाली, लठ्ठ आणि मधुमेहीसुद्धा. डग्लस कोलमन यांनी काय केलं, दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. मधुमेही उंदराला धडधाकट उंदीर जोडला, तर त्या धडधाकटाने खाणंच सोडलं. समोर अन्न असताना उपाशी मेला हो! पहिल्या जातीचा लठ्ठ जोडला, त्याचंही तेच झालं. कोलमन यांनी ताडलं की मधुमेही उंदराच्या रक्तात 'पुरे' सांगणारं काहीतरी भरपूर आहे, फक्त त्याचं त्यालाच ते ऐकू येत नाही. आणि पहिल्या जातीत ते तयारच होत नाही.

ते 'काहीतरी', म्हणजेच आपलं लेप्टिन, 1994 मध्ये सापडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं, आणि ते काम करत होतं कुठे, तर चरबीत! तोवर चरबी म्हणजे नुसतं कोठार असं समजत. हे कोठार मेंदूशी बोलतं, हे तेव्हा कळलं.

आता इथेच सगळे घसरतात. लेप्टिन तुमच्या आत्ताच्या जेवणाचा हिशोब देत नाही. दोन पोळ्या खाल्ल्या की लेप्टिन वाढलं आणि हात थांबला, असं होत नाही. कणगीत धान्य किती उरलंय, हे ते मेंदूला कळवतं.

अजून पटत नसेल तर केंब्रिजची मुलं बघा. 1997 मध्ये स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाने दोन चुलत भावंडांची माहिती छापली. कुटुंब मूळचं पाकिस्तानी. मुलगी 8 वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा 2 वर्षांचा, वजन 29 किलो. अंगावर एवढी चरबी, पण रक्तात लेप्टिन जवळजवळ नाहीच. मेंदूच्या लेखी कणगी रिकामी, म्हणून जन्मापासून न शमणारी भूक. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षभरात 16 किलो उतरले.

तिसरी बाजू माझ्या घरातली. माझ्या ताईने डाएट करून 11 किलो कमी केले, आणि मग रात्री अकरा वाजता ती स्वयंपाकघरात, दिवा न लावता, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पोटाशी धरून उभी. आम्ही सगळे म्हणालो, "जिभेवर ताबा नाही." मीसुद्धा म्हणाले, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. कारण चरबी उतरली की लेप्टिनही उतरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ आला. तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च आवळतो. तिची जीभ नव्हती ती, तिचा मेंदू तिला जगवायला बघत होता.

मग लठ्ठ माणसाला लेप्टिन द्यावं का? बहुतेकांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदू दाद देत नाही, म्हणून वरून दिल्याचा फारसा उपयोग दिसला नाही. आणि गोळी? अहो, लेप्टिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. इन्सुलिन टोचावं का लागतं? त्याच कारणाने. त्या डबीच्या मागची बारीक अक्षरं मी फोटो मोठा करून वाचली: हिरव्या चहाचा अर्क, मिरीचा अर्क. लेप्टिन कुठेच नाही! बाई, परत करता येत असेल तर आजच करा.

आणि कुणाच्या घरी अगदी लहान मूल सतत भुकेने रडत असेल, वजन झपाट्याने वाढत असेल, तर त्याला खादाड म्हणू नका. मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञांना दाखवा. रक्तातलं लेप्टिन मोजता येतं.