फोटोत डॉल्फिनशिवाय काय आहे?

(दृश्य: राजारामपुरीतली खोली. कॉम्प्युटरवर फोटो एकामागून एक सरकतात.)

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी थंडी पडली की शनिवार-रविवारी निम्मं गाव मालवणात, आणि सोमवारी ज्याच्या-त्याच्या मोबाईलमध्ये डॉल्फिन. डॉल्फिन म्हणजे तरी काय, पाण्यावर आलेलं कुबड आणि त्यावरचा पर. "काय आलंच नाही बघ," म्हणून तो फोटो डिलीट होतो. अभ्यासकाला नेमका तोच हवा असतो.

(पराची मागची कड मोठी होत जाते.)

वरून खाली येताना इथं एक खाच आहे. अशा खाचा वर्षानुवर्षं टिकतात, डावीकडून फोटो काढा नाहीतर उजवीकडून. त्यावरून प्राणी ओळखायचा. दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे मात्र हळूहळू पुसट होतात. त्यांच्या भरवशावर राहायचं नाही.

चंद्रकोरीसारखा व्रण दिसला, तर तो बहुधा शार्कचा चावा. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधला २००१ सालचा अभ्यास सांगतो, की पिल्लं वगळता सुमारे ७४ टक्के डॉल्फिनच्या अंगावर असे व्रण होते. पण फोटो निघतो तो वाचलेल्याचा. शार्कच्या पोटात गेलेला या हिशेबात येणार कुठून?

सगळंच वैर नसतं. फ्रेंच पॉलिनेशियात २०१४ साली बॉटलनोज जातीच्या एका डॉल्फिन मादीबरोबर दोन पिल्लं दिसू लागली. त्यातल्या एकाचं तोंड आखूड, बोथट. ते होतं मेलन-हेडेड व्हेलचं, म्हणजे दुसऱ्याच जातीचं. तीन वर्षांहून जास्त काळ ते त्या कळपात राहिलं. एकाच फोटोवर कुणी हे मानलं नसतं. पुन्हा पुन्हा तीच आई, तेच पिल्लू ओळखू आलं म्हणून पटलं.

(दृश्य: डॉल्फिनवर घिरट्या घालणारे कुरव.)

पक्षी डॉल्फिनच्या मागं आलेत, की दोघंही माशांच्या मागं? एका क्लिकवर सांगता येत नाही. लागोपाठचे फोटो आणि प्रत्येकाची वेळ लागते. म्हणून पक्षी मध्ये आले तरी चिडू नका, काढत राहा. आणि "मामा, अजून जवळ घ्या की" हे नको. होडी मागं लागली, की प्राणी हातातलं सोडून पळतात आणि फोटोत तेवढंच उरतं.

कुणा अभ्यासकाला फोटो द्यायचे झाले, तर व्हॉट्सअ‍ॅपवर साधे टाकू नका. वेळेची नोंद जाते, खाचाही भुरकट होतात. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल पाठवा, फसलेल्या फोटोंसकट.