सशाचा डोळा आणि आपला शाम्पू

मित्रहो, औषधांच्या चाचण्यांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, त्यात आज शिरत नाही. शाम्पू, लिपस्टिक, काजळ यांच्यासाठी प्राण्याला यातना द्यायला माझा विरोध आहे. तुम्ही फार्मसीचे विद्यार्थी, उद्या याच उद्योगात जाल, म्हणून तुमच्यापुढे तो मांडायचा आहे.

1933च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यातल्या पॅराफेनिलिनडायअमिनमुळे अनेक बायकांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. अशा प्रकरणांनंतर 1938 साली सौंदर्यप्रसाधनं तिथे कायद्याच्या कक्षेत आली. ग्राहकाला संरक्षण हवंच होतं. पण त्याची किंमत सशाकडून वसूल झाली.

1944 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. पांढरा ससा घ्यायचा. एका डोळ्याची खालची पापणी ओढून आत पदार्थाचा 0.1 मिलिलिटर थेंब सोडायचा, पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग तासाने, 24, 48, 72 तासांनी डोळा तपासायचा. जखम भरते की नाही हे पाहायला 21 दिवसांपर्यंत थांबायचं. लाली, सूज, स्राव, सगळ्याला गुण. एकूण 110, त्यातले 80 एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे. सशाने पंजाने डोळा चोळू नये म्हणून कित्येक ठिकाणी त्याला फक्त मान बाहेर राहील अशा खोक्यात अडकवत. बधिरीकरण आणि वेदनाशामक सरसकट द्यावं, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत यायला 2012 उजाडलं. अडुसष्ट वर्षं!

बरं, एवढं करून हाती काय लागतं? सशाचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ, त्याला तिसरी पापणी, अश्रू कमी, पापण्यांची उघडझापही फार कमी. म्हणजे टाकलेला पदार्थ आपल्यासारखा धुऊन जात नाही. शिवाय गुण देणारा माणूस नजरेने अंदाज करतो. 1971 मध्ये वेल आणि स्काला यांनी तेच पदार्थ वीसहून अधिक प्रयोगशाळांकडे तपासायला दिले. एकीने तीव्र दाहक ठरवलेला पदार्थ दुसरीने निरुपद्रवी ठरवला. ज्या परीक्षेत तपासनीस बदलला की निकाल बदलतो, तिच्यावर ग्राहकाने का विसंबावं? आजही केसांच्या डायच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की आधी थोडा कानामागे किंवा हातावर लावून 48 तास वाट पाहा. लॅश ल्यूरमधलं ते रसायन आजही अनेक डायमध्ये असतं, आणि ते कोणाला सोसेल हे ज्याच्या त्याच्या त्वचेवरच कळतं.

बदल घडला तो लोकांनी रेटा लावल्यामुळे. हेन्री स्पायरा या शिक्षकाने एप्रिल 1980 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या रेव्हलॉन कंपनीला सशांवरच्या या चाचणीबद्दल जाब विचारला. वर्षभरात कंपनीने पर्यायांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले. 1981 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. आज शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी त्वचेच्या पेशींपासून वाढवलेल्या थरांवर दाह तपासतात. कत्तलखान्यातून आलेल्या जनावरांच्या डोळ्यांचा कॉर्नियाही वापरतात; तो प्राण्याचाच असतो खरा, पण त्यासाठी वेगळा जीव घेतला जात नाही.

सगळं सुटलंय असं मी म्हणणार नाही. एखादा घटक वर्षानुवर्षं शरीरात जाऊन यकृतावर किंवा गर्भावर काय परिणाम करतो, हे काचपात्रात पुरतं कळत नाही. तिथे माझं मत स्पष्ट आहे: प्राणी मारल्याशिवाय ज्याची खात्री पटत नाही असा नवा रंग किंवा सुगंध आपल्याला नकोच. ज्यांची सुरक्षितता आधीच माहीत आहे असे हजारो घटक हाताशी आहेत. नव्या लिपस्टिकवाचून कुणाचं काही अडत नाही.

आपल्या देशाने इथे मान उंच ठेवली आहे. मे 2014 मध्ये भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तशा चाचण्या झालेल्या मालाची आयात रोखणारा नियमही आला. युरोपीय संघाने मार्च 2013 मध्ये विक्रीवरची बंदी पूर्ण केली होती. पण तिथे एक फट राहिली आहे. रसायनांच्या वेगळ्या कायद्याखाली, कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी, केवळ प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या घटकाचीही प्राण्यांवर चाचणी मागता येते. सिम्राइज कंपनीने सनस्क्रीनमधल्या घटकांबाबत याला आव्हान दिलं, पण नोव्हेंबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते फेटाळलं.

म्हणून बाटलीवर सशाचं चित्र दिसलं की लगेच समाधान मानू नका. तयार मालाची चाचणी झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ग्राहक सेवेला लिहून विचारा: यातले घटक कुणी बनवले, आणि त्यांची चाचणी कोणत्या वर्षी, कशावर झाली? उद्या तुमच्यापैकी काही जण कंपनीच्या टेबलापलीकडे बसलेले असतील, तेव्हा हे पत्र तुमच्याकडे येईल. त्याचं पूर्ण उत्तर द्या.