उंचीची उधारी

(नागपुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेर अजून झळा आहेत आणि आत कूलर घरघरतायत, तेव्हा मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा. अशा दिवसांत हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यावर बोलायला बोलावून संयोजकांनी तुमच्यावर दया केली की माझी थट्टा, ते मला अजून कळलेलं नाही.

आपण सपाटीची माणसं. जुन्या मोजणीची खूण असलेला झिरो माइलचा दगड आणि ते चार घोडे येता-जाता दिसतात, त्यामुळे बघणंच होत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. या देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन 1823 साली हैदराबादहून नागपूरकडे येताना आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची मोजणी पुढे हिमालयापर्यंत गेली. ते इथेच, कापसाच्या मुलखात राहिले. तर या 310 मीटरवरून 4,400 मीटरवर जायचं कसं, हा आजचा विषय. आणि जायचं पायी.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला नव्हता. एका प्रवासी कंपनीनं (नाव घेत नाही, अजून धंद्यात आहेत) मनालीहून पहाटे जीपमध्ये बसवलं. मनाली 2,000 मीटरच्या आसपास, कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर, आणि रात्री मुक्कामाला स्पितीतलं मुख्य गाव काझा, साधारण 3,650. एका दिवसात. दुपारी खिंडीत सगळे फोटो काढत होते आणि मी एका दगडाआड ओकत होतो. काझात दोन दिवस खोलीत पडून होतो. डोकं असं ठणकत होतं की पापणी हलवली तरी दुखायचं. तेव्हापासून मी म्हणतो, गाडी आपल्याला उंची उधारीवर देते. घेताना काही वाटत नाही. रात्री झोपलात की देहाचा सावकार दार वाजवतो.

वर ऑक्सिजन ‘कमी असतो’ असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. हवेतलं त्याचं प्रमाण इथेही 21 टक्के, तिथेही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. 4,400 मीटरवर एका श्वासात नागपूरच्या मानानं साधारण 60 टक्केच ऑक्सिजन आत जातो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. श्वास वाढतो, लघवी वाढते, झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून जोरात सुरू होतो. शेजारी झोपलेल्याचा असा श्वास ऐकून पहिल्यांदा घाबरायला होतं, पण ते बहुतेक वेळा नेहमीचंच असतं. डोकेदुखी आणि मळमळ असताना आणखी वर चढणं मात्र मूर्खपणा. आणि चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही शिमल्याकडून गेलो. किन्नौरमार्गे ही वाट लांबची, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढते. वाटेत ताबोला थांबलो. तिथला मठ इसवी सन 996 चा. बाहेरून मातीची ढेकळं दिसतात आणि आत भिंतीभर रंग. काझात तीन रात्री काढल्या. तीन हजारांच्या वर गेलं की रोजची झोपायची जागा 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, असा नियम आहे. आम्हाला जायचं होतं ते लांगझा गाव काझाहून साडेसातशे मीटर वर. म्हणजे नियम थोडा मोडणारच होता, म्हणून सवयीसाठी एक दिवस आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत चढून परत आलो. सोबतचा मित्र वैतागला. ‘‘अबे, रस्ता हाय ना? मंग गाडीनं जाऊ ना, पायी कायले?’’ त्याचं चूक नव्हतं. कच्च्या रस्त्यावरून चालणारा माणूस वेडाच दिसतो. ट्रेकवाले म्हणतात हा ट्रेक नाही, आणि जीपवाले थांबून विचारतात, ‘‘बैठोगे?’’

पण या रस्त्याची एक गंमत आहे. तो गाडीसाठी काढलाय, म्हणून चढ एकसारखा आहे. काझा ते लांगझा साधारण 15 किलोमीटर धरले, तर 20 मीटर चाललात की एक मीटर वर. रामटेकच्या पायऱ्या याच्या कितीतरी पट उभ्या. पायवाट मध्येच दम काढते, मध्येच सोडते. रस्ता तसं करत नाही, त्यामुळे श्वासाची लय एकदा लागली की टिकते. आम्ही चार पावलांना एक श्वास असे निघालो आणि लांगझा दिसलं तेव्हा दोन पावलांना एक झाला होता. वळणावळणाला मधून चढणाऱ्या मेंढपाळांच्या आडवाटा दिसतात. मोह होतो. जाऊ नका, वीस मिनिटं वाचतात आणि तासभराचा दम जातो. आता काही भागावर डांबर आलंय. तिथल्या लोकांसाठी ते चांगलंच, माझ्या बुटांना मात्र आवडलं नाही. जीप आली की वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, नाहीतर तोंडात धूळ. आणि ओढा पार करायचा असेल तर सकाळी. दुपारी वर उन्हानं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी मांडीला लागतं.

लांगझात मातीच्या घरांवर उंच बुद्धमूर्ती आहे, मागे सहा हजार मीटरच्या वरचं चाऊ चाऊ कांग निल्दा शिखर. ते फोटोत सगळ्यांनी पाहिलंय. मला सांगायचंय ते पायाखालचं. तिथल्या काळ्या मातकट दगडात गोल गोल शंख सापडतात, अमोनाइट नावाच्या जुन्या समुद्री प्राण्याचे. तुमच्यापैकी ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे, त्यांनी तो आज घरी गेल्यावर नीट बघावा. गंडकीतला शाळिग्रामही अशाच प्राण्याचा ठसा असतो. इथे टेथिस समुद्र होता. हा प्राणी त्यात पोहत होता साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी. आपल्या सेमिनरी हिल्सचा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा रस, वय साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे विदर्भावर लाव्हा पसरत होता तेव्हा हा शंख दगड होऊन पडलेला होता, आणि हिमालय अजून उठायचा होता. गावातली मुलं शंख विकायला आणतात. घेऊ नका. मी पहिल्या खेपेला घेतला होता. तो घरी कपाटात आहे आणि त्याच्याकडे बघायला लाज वाटते.

लांगझात मुक्काम केला. घरात कुकरशिवाय डाळ शिजत नाही, कारण पाणी तिथे 85 अंशांच्या आसपासच उकळतं. चहा उकळताना दिसतो पण आपल्याकडच्याइतका गरम नसतो. मित्र म्हणाला, ‘‘तर्री पोहे इथं जमायचे नाहीत.’’ मटार मात्र भरपूर. उन्हाळ्यात स्पितीभर हेच मुख्य नगदी पीक, ओढ्यातून पाटानं आणलेल्या पाण्यावर.

दुसऱ्या दिवशी हिक्किम. तिथलं टपाल कार्यालय 1983 पासून चालू आहे, उंची 4,400 च्या वर. टपाल तिथून पायी काझाला उतरत आलंय, हे ऐकून मित्र गप्प झाला. आम्ही पोस्टकार्डं टाकली. थंडीत पेन चालेना, म्हणून बगलेत धरून गरम केलं. कोमिकला मोटारीनं पोहोचता येणारं जगातलं सर्वांत उंच गाव अशी पाटी आहे. त्यावर भांडायला मी बसलेलो नाही. मठात चहा मिळाला, ते पुरे.

कोमिकहून काझाला उतरताना एका वळणावर रस्ता वाहून गेला होता. दहा-बाराजण दगड रचत होते, झारखंडच्या दुमकाकडचे. बायकांनी तोंडाला ओढणी बांधलेली, धुळीनं भुवया पांढऱ्या. आपण ज्याला सुंदर रस्ता म्हणतो तो दर उन्हाळ्यात या लोकांच्या हातांनी पुन्हा बांधला जातो. आम्ही पाण्याला थांबलो. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘कहाँ से?’’ नागपूर म्हटल्यावर म्हणाला, ‘‘संतरा.’’ मग आमच्या बुटांकडे बघून, खरंच न कळल्यासारखं, ‘‘गाड़ी के लिए बना रहे हैं। आप पैदल काहे?’’

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. त्या म्हाताऱ्यानं किटलीतला चहा झाकणात ओतला आणि पुढे केला.