भाषणं देऊन मनोबल वाढतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतून दुसरी पाळी सुटते तेव्हा माणसं दमलेली असतात, पण बोलत, एकमेकांची थट्टा करत बाहेर पडतात. हा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. त्यांच्यातच एखादा असतो, ज्याला झोपून उठलं तरी बरं वाटत नाही. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, पास झालं काय आणि रिजेक्ट झालं काय, त्याचं उत्तर एकच, 'जाऊ दे की, आपल्याला काय करायचंय?'

याला बर्नआउट म्हणतात. आतून आलेला थकवा, कामाविषयी कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना, या तीन खुणांवरून तो मोजण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याचा तो परिणाम मानला.

व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड लुथान्स यांनी 'मानसिक भांडवल' ही कल्पना मांडली. त्यात आशा, आपल्या कुवतीवरचा भरवसा, पडून पुन्हा उठण्याची ताकद आणि चांगलं होईल असं वाटणं, हे चार गुण येतात. ते ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात बर्नआउट कमी, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. हे गुण शिकवून वाढवताही येतात.

मग साहेबलोक काय करतात? वक्ता बोलावतात, सकारात्मक विचारांवर तासभर व्याख्यान ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबल ड्युटी लावतात. मला हे पटत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आशाताईंचंच, म्हणजे गावोगावी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तींचंच बघा. भर पावसात जंगलातल्या वाडीवर जायचं, गरोदर बाईशी मराठीत बोलून तिला तपासणीला तयार करायचं, आणि अहवाल मात्र कन्नडमध्ये. मोबाइलला रेंज नाही, म्हणून नोंद करायची राहून जाते. मीटिंगमध्ये विचारणा होते ती त्या राहिलेल्या नोंदीची. तयार झालेल्या बाईचं नावही निघत नाही. अशा चार मीटिंगा झाल्या की चांगल्या हुशार बाईचाही स्वतःवरचा भरवसा उडतो. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल यांनी 1989 मध्ये हेच मांडलं होतं. गमावल्याचा घाव मिळाल्याच्या आनंदापेक्षा खोल असतो, आणि ज्याच्याकडे आधीच थोडं, त्याचं आणखी जाण्याची भीती जास्त.

म्हणून सुपरवायझर मंडळींना एक विनंती. त्या 'जाऊ दे की' म्हणणाऱ्याला आळशी ठरवण्याआधी त्याचं गेल्या महिन्याचं हजेरीकार्ड काढा. सलग किती पाळ्या झाल्या, सुट्टी कितीदा नाकारली, आणि नाकारताना त्याला कारण तरी सांगितलं होतं का, एवढं बघा.